उमऱ्याला निघताना: बॅगेआधी कागद, कागदाआधी माहिती

उसाची बिले खात्यावर पडू लागली की बारामती आणि इंदापुरात उमऱ्याच्या ग्रुपचे फलक झळकू लागतात. मशिदीच्या फाटकावर, एस. टी. स्टँडजवळच्या टपरीवर, आता तर प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर. पंधरा दिवस, वीस दिवस, रमजानचा शेवटचा अशरा, तीन वेळचे जेवण, हरमपासून अमुक मीटर. पैसे भरले जातात, पासपोर्ट टूरवाल्याच्या हाती जातो, आणि मग घरात सगळे निर्धास्त होतात. आमच्याकडे जी विचारणा येते ती नेमकी यानंतरची असते. अब्बांच्या गोळ्या नेता येतील का? अम्मी एकटीच जात आहे, चालेल का? लाडू नेले तर अडवतात का? ही माहिती पैसे भरण्याआधी घरात असायला हवी, म्हणून या महिन्याचे सदर तिच्यासाठीच.

पूर्वी ही माहिती वाटेतच मिळायची. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजे जात. आपल्या भागातला माणूस आधी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचा, तिथे दिवस काढायचा आणि मग जहाजावर आठवडाभर समुद्र पाहायचा. शेजारी दुसऱ्यांदा जाणारा कोणी ना कोणी असे. इहराम कसा बांधायचा, पैसे कुठे ठेवायचे, कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हे सगळे जेद्दा येईपर्यंत शिकून होई. (१९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी खास वेगळ्या नोटाही काढल्या होत्या, दहाच्या आणि शंभरच्या. आता त्या जुनी नाणी-नोटा जमवणाऱ्यांकडेच दिसतात.) आज मुंबईहून जेद्दा साडेपाच तासांवर आहे. सणसरच्या घरातून सकाळी निघालेली आजी दुसऱ्या दिवशी मक्केत असते. शिकायला वेळच उरला नाही, म्हणून ते शिक्षण घरीच द्यावे लागते.

सुरुवात पासपोर्टपासून. प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने त्याची मुदत शिल्लक हवी. नवा काढायचा असेल तर छत्तीस पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये आहे, तत्काळला वर २००० लागतात. यापेक्षा कोणी जास्त मागत असेल तर ती त्याची फॉर्म भरण्याची मजुरी समजा, सरकारी फी नव्हे. पोलीस पडताळणी आपल्या हद्दीतल्या ठाण्यातून होते, मग ते बारामती असो, वालचंदनगर असो, भिगवण की इंदापूर. त्या दिवसांत माणूस अर्जातल्या पत्त्यावर हजर हवा. मुलाकडे पुण्याला गेलेल्या आईच्या पडताळणीचा कागद इथेच अडकतो.

खरी अडचण नावाची. आपल्याकडे एकाच घरात एकाच्या आधारवर शेख, भावाच्या शाळेच्या दाखल्यावर तांबोळी, आईच्या रेशनकार्डावर नुसते ‘खातूनबी’. बागवान, मुलाणी, अत्तार, आतार, पठाण, सगळ्या घरांची हीच कथा. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या, नंतर नाही. पासपोर्टवर एकच नाव आणि आडनावाची जागा रिकामी, असे तर मुळीच ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून अशा एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला आहे, आणि येताना दोन दिवस दुबई दाखवणारे ग्रुप आता बरेच आहेत. विवाहित स्त्रीने सासरचे नाव लावलेच पाहिजे अशी पासपोर्टला सक्ती नाही. सगळ्या कागदांवर माहेरचे नाव असेल तर तेच राहू द्यावे, निम्मे बदलून घोळ करू नये.

वयस्कर मंडळींकडे जन्माचा दाखला नसतो म्हणून पुष्कळ घरे थबकतात. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी आहे. आधीच्या लोकांना जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला, पॅनकार्ड यांसारखे दुसरे कागद चालतात. पासपोर्टवर ‘ईसीआर’ असेल तर घाबरायचे कारण नाही. ती अट परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, उमऱ्याला जाणाऱ्यासाठी नाही. परतीचे तिकीट आणि व्हिसा मात्र विमानतळावर हाताशी ठेवावा.

आता टूरवाला. यांतले बरेचजण भले लोक आहेत आणि म्हाताऱ्या माणसांची हयातभर आठवणीत राहील अशी सेवा करतात. पण व्यवहार तो व्यवहार. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. पावतीवर मक्केतील आणि मदिनेतील हॉटेलचे नाव लिहून मागा. ‘हॉटेल अमुक किंवा त्याच दर्जाचे’ असे लिहिले असेल तर त्या ‘किंवा’चा अर्थ निघण्याआधीच विचारा. नाव मिळाले की घरातल्या कॉलेजच्या पोराला मोबाईलच्या नकाशावर शोधायला सांगा. मीटरवर विश्वास ठेवू नका, पायी किती मिनिटे लागतात ते विचारा. मक्का डोंगरांत वसलेली आहे. जाहिरातीतले पाचशे मीटर गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढावर हजार वाटतात. हॉटेल अजीजियात असेल तर हरमला बसने जावे लागते, आणि नमाजच्या वेळी गर्दीमुळे रस्ते बंद झाले की बस दूर थांबते. स्वस्त ग्रुप वाईट असतो असे नाही, पण स्वस्ताई नेमकी कशात आहे ते आधी कळायला हवे. आमचे सांगायचे तर अंतरात स्वस्ताई घेऊ नये. जेवण साधे असले तरी चालते.

परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस म्हणून कर कापला जातो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरले तर परत मागता येतो. आपल्याकडे शेतीवर चालणारी घरे विवरणपत्र भरतच नाहीत, म्हणून ही रक्कम तशीच राहते. पैसे भरताना ज्याच्या नावाने भरता त्याचे पॅन द्या आणि गावातल्या कर सल्लागाराला एकदा विचारा.

आणखी एक. कमी पैशांत, किंवा फुकटच उमरा घडवतो, फक्त येताना एवढे दागिने अंगावर घालून या, असे सांगणारा भेटला तर उलट पावली फिरा. सोने करमुक्त आणण्याची सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. पंधरा दिवसांच्या उमरेकरूला ती लागू नाही. विमानतळावर पकडला जातो तो दागिने घातलेला माणूस. देणारा बारामतीतच बसलेला असतो.

बॅग भरताना आपल्या बायकांना एक गोष्ट मुद्दाम सांगा: खसखस न्यायची नाही. आपल्याला ती मसाल्याच्या डब्यातली साधी वस्तू, पण ते अफूच्या झाडाचे बी आहे आणि सौदी अरेबियात त्याला मनाई आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत तिथला कायदा फार कडक आहे. पुडी बांधून कोणी नेत नाही हे खरे, पण ती लपलेली असते. डिंकाच्या लाडवात, अनारशावर, वाटणाच्या काळ्या मसाल्यात, शीरखुर्म्याच्या तयार सामानात. रमजानच्या शेवटच्या अशऱ्याला जाणारे घरचा शीरखुर्मा म्हणून हेच सामान बांधतात. लाडू करायचे तर खसखशीशिवाय करा. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, खारीक-बदाम खुशाल न्या. गुटखा, तंबाखू, मिश्री यांतले काहीही नको. गुटख्याला तर आपल्या राज्यातही २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खिशात असतोच, म्हणून लिहिले. आणि ‘आमचा पाहुणा जेद्दाला आहे, एवढी पिशवी तेवढी द्या’ म्हणणाऱ्याला, तो सख्खा शेजारी असला तरी, नाही म्हणायला शिका. न उघडलेली पिशवी आपल्या बॅगेत म्हणजे ती आपलीच पिशवी.

औषधांचे तसेच. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांना अडचण नाही, मात्र त्या पाकिटासह हव्यात, सुट्या पुडीत नकोत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. पण झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, दुखण्यावरची ट्रामाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध ही सौदीत नियंत्रित औषधे आहेत. गावाकडे कित्येक म्हातारी माणसे वर्षानुवर्षे ती घेतात आणि त्यांना नावही ठाऊक नसते, ‘ती पिवळी गोळी’ एवढेच. निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ओता आणि यांतले काय बदलता येईल ते विचारा. बदलता येत नसेल तर सौदीच्या ऑनलाइन यंत्रणेतून आधी परवानगी काढावी लागते. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवावे, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही. मेंदूज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला ग्रुपवाल्याकडे देताना एक प्रत आपल्याकडे ठेवा.

स्त्रियांनी मासिक पाळीचा हिशेब तारीख ठरवतानाच करावा. त्या दिवसांत तवाफ करता येत नाही आणि ग्रुपचा मुक्काम ठरलेला असतो. पाळी लांबवण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. बीपी असलेल्या, रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेल्या बाईला त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना हे विचारायला लाज कसली!

एकट्या स्त्रीने जावे का, हा प्रश्न आम्हाला वारंवार येतो. सौदी सरकारने उमऱ्याला येणाऱ्या स्त्रीसोबत महरम असण्याची सक्ती आता ठेवलेली नाही. आपल्या हजच्या धोरणातही २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना गटाने महरमविना जाता येते. ही झाली कायद्याची बाजू. शरीअतच्या बाजूने उलेमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. आम्ही फक्त व्यवहाराचे बोलतो: मुलगा एमआयडीसीत कामाला, रजा नाही, म्हणून सत्तरीच्या आईला ‘ग्रुप आहे की’ म्हणून पाठवले जाते. ग्रुपमध्ये पन्नास माणसे आणि प्रमुख एक. त्याच्याकडून तिच्या गोळ्यांची वेळ सांभाळली जाण्याची अपेक्षा धरू नये. ओळखीचे दुसरे जोडपे त्याच खोलीच्या मजल्यावर असेल, त्यांनी तसे कबूल केले असेल, तरच पाठवावे. नाही तर एक वर्ष थांबून सोबत जावे. थांबवणे कठीण असते, अम्मी रडते, हेही आम्ही जाणतो.

चालण्याची सवय करा. सई म्हणजे सफा-मरवाच्या सात फेऱ्या, एकूण साधारण तीन किलोमीटर. तवाफ खाली, काब्याजवळून झाला तर अंतर कमी पडते, वरच्या मजल्यावरून झाला तर ते कित्येक पटींनी वाढते. हे सगळे एका दमात, प्रवासाचा शीण असताना. महिनाभर आधीपासून बारामतीकरांनी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने, इंदापूरकरांनी गावाबाहेरच्या रस्त्याने सकाळी फजरनंतर चालायला सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग हळूहळू दीड तास. तिथे घालायची चप्पल आत्ताच विकत घेऊन याच चालण्यात रुळवावी. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी हरममध्ये व्हीलचेअर आहे. ती ढकलणारा अधिकृत माणूस घ्यावा आणि दर आधी ठरवावा.

विमानात बसण्याआधीची एक गोष्ट. थेट जेद्दाला उतरणार असाल तर मीकात विमानातच, उतरण्याच्या बरीच आधी ओलांडली जाते. विमानात तशी सूचना देतात. म्हणून इहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत टाकून मोकळे होऊ नका. ती बॅग जेद्दालाच हाती येते. मुंबईच्या विमानतळावरच इहराम बांधून घेणे सगळ्यांत सोपे, नियत मीकातच्या सूचनेवर करता येते. ग्रुप आधी मदिनेला जाणार असेल तर हा प्रश्न नाही, तिथून निघताना शहराबाहेर जुलहुलैफाला इहराम बांधतात. मदिना ते मक्का बसने पाच-सहा तास, २०१८ पासून सुरू झालेल्या हरमैन रेल्वेने अडीच तासांच्या आत. रेल्वे पॅकेजमध्ये आहे का, तेही आधीच विचारा.

तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट दाखवून, बोटाचा ठसा देऊन स्थानिक सिम घ्यावे. घरच्यांनी लक्षात ठेवावे, तिथले घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते. आपल्या सकाळी सहाला तिथे साडेतीन वाजलेले असतात. रियालचा भाव काढायची सोपी रीत अशी: डॉलरला ३.७५ रियाल हा दर वर्षानुवर्षे कायम आहे. म्हणजे डॉलर नव्वद रुपये असेल तर रियाल चोवीस. यापेक्षा फार वरचा भाव कोणी लावत असेल तर दुसरे दुकान पाहा. दुकानांतून हिंदी-उर्दू चालते, भाषेची भीती नको.

मदिनेत रियाजुल जन्नामध्ये नमाजसाठी ‘नुसुक’ ॲपवर आधी वेळ घ्यावी लागते, पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वेळा वेगळ्या. वेळ न घेता गेलेले लोक दारावरून परत येतात आणि मुक्काम संपतो. ॲप घरी असतानाच मोबाईलमध्ये घालून द्या आणि उघडायला शिकवा. ज्यांच्याकडे साधा बटनांचा फोन आहे त्यांची वेळ ग्रुपप्रमुख घेणार का, हे निघण्याआधी ठरवून घ्या.

हरवणे हे तिथले नेहमीचेच आहे. हरमला दारे पुष्कळ, आणि नमाज सुटली की सगळी गर्दी सारखीच दिसते. हॉटेलचे कार्ड, ज्यावर अरबीत नाव-पत्ता असतो, ते पहिल्या दिवशीच मागून गळ्यातल्या पाकिटात ठेवावे. त्यात ग्रुपप्रमुखाचा तिथला नंबर, घरचा नंबर, रक्तगट आणि आजाराचे नाव लिहिलेला कागद असावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आत शिरलेल्या दाराचा क्रमांक आकड्यांच्या आकारावरून ओळखायला शिकवा. जेवायला बसल्यावर ताटाशेजारी लिहून दाखवले तरी दोन दिवसांत जमते. तातडीच्या मदतीसाठी मक्का-मदिनेत ९११ हा क्रमांक आहे. आपल्या देशाचा वाणिज्य दूतावास जेद्दात आहे.

उन्हाळ्यात जाऊच नये, असे आम्ही वयस्करांना स्पष्ट सांगतो. २०२४ च्या हजमध्ये उष्म्याने १३०१ माणसे दगावल्याचे सौदी सरकारनेच जाहीर केले, आणि त्यांतली ८३ टक्के परवान्याविना आलेली होती. त्यांना तंबू नव्हते, बस नव्हती, मैलोन् मैल उन्हात चालावे लागले. हे इथे लिहायचे कारण म्हणजे ‘उमऱ्याच्या किंवा भेटीच्या व्हिसावर जा, थांबून हजही करून या’ असे कुजबुजणारे लोक आपल्याकडेही आहेत. परवान्याविना हज करताना सापडलेल्याला वीस हजार रियालपर्यंत दंड आणि पुढे दहा वर्षे सौदीत प्रवेशबंदी अशी शिक्षा २०२५ मध्ये जाहीर झाली. दंडापेक्षा मोठी गोष्ट आकड्यांतच आहे.

हजला खाजगी ग्रुपमधून जाणाऱ्यांनीही २०२५ विसरू नये. भारताच्या पावणेदोन लाख जागांपैकी बावन्न हजारांहून अधिक जागा खाजगी टूरच्या होत्या. सौदीकडच्या मुदतीत कामे पुरी न झाल्याने त्यांतल्या बहुतेकांचे जाणे रद्द झाले. नंतर खटपट होऊन दहा हजारांची सोय झाली. बाकीच्यांनी पैसे भरलेले, नातेवाइकांना भेटून माफी मागितलेली, जाणे राहिलेच. नाव नोंदवण्याआधी अल्पसंख्याक मंत्रालयाच्या यादीत त्या टूरचे नाव पाहा, आणि हज कमिटीचा अर्जही भरण्याचा विचार करा.

एक अवघड गोष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये मदिनेजवळ उमरेकरूंच्या बसला टँकरची धडक बसून आग लागली आणि हैदराबादकडची चाळीसहून अधिक माणसे गेली, काही कुटुंबांतली तर जवळजवळ सगळी. अशा वेळी इथल्या नातेवाइकांच्या हाती कागद नसतील तर ओळख पटवण्यापासून अडते. म्हणून निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि विम्याच्या कागदाच्या प्रती घरातल्या एका जबाबदार माणसाकडे द्या. मृत्यू तिथे झाला तर दफन तिथेच व्हावे अशी इच्छा बहुतेक वडीलधारे बोलून दाखवतात. ती इच्छा मुलांना ठाऊक असू द्या. तसेच देणी-घेणी, सोसायटीचे कर्ज, कुणाकडून घेतलेली उचल हे लिहून ठेवा. दोन भावांनी एकाच बसने, एकाच गाडीने जायचे की नाही, हेही घरात बोलून घ्यावे.

परतताना जमजमचे पाणी मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणू नका, ते काढून टाकतात. पाच लिटरची सीलबंद पेटी विमानतळावर मिळते, ती वेगळी चढवतात. आपल्या तिकिटावर तिची परवानगी आहे का ते आधी पाहा.

सोडायला आणि आणायला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. इंदापूरहून मुंबई विमानतळ पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि एका हाजीमागे दोन गाड्या भरून माणसे जातात. रात्रभर जागलेला ड्रायव्हर, पहाटेचा एक्स्प्रेस वे, परतीला पुन्हा तीच गाडी. सोडायला दोघांनी जावे, बाकीच्यांनी घरीच गळाभेट घ्यावी. ड्रायव्हर दोन ठेवा, नाही तर पुण्यात रात्री नातेवाइकाकडे थांबा. आता नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे, तेव्हा निघण्याआधी तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे ते चष्मा लावून वाचा.